कारेनिनचे कान

कादंबरीकाराला व्याख्यानाला बोलावले, की आभारप्रदर्शनापूर्वी एक प्रश्न ठरलेला असतो. मागच्या रांगेतून कोणीतरी उठतो आणि विचारतो, "तुमच्या कादंबरीतली ती अमुक अमुक, ती खरी कोण हो?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा काही मिस्किलपणा असतो, की चोरीचा माल कोठून आणला हे कबूल केल्याशिवाय या गृहस्थाला चहा मिळायचा नाही, असे वाटावे. कादंबरीकार हसतो, घसा खाकरतो आणि "तसे कोणी नाही, सगळे कल्पनेतलेच आहे," असे सांगून वेळ मारून नेतो. श्रोत्यांचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि माझे मत विचाराल तर तो बसूही नये. पण "अमक्या वकिलांची धाकटी बहीण" असे उत्तर त्याने दिले असते, तरी तेही तितकेच अपुरे ठरले असते.

टॉल्स्टॉयच्या 'अ‍ॅना कारेनिना'चीच गोष्ट घ्या. त्याच्या शेजारी बिबिकोव्ह नावाचा एक जमीनदार राहत असे. त्याच्या घरचा कारभार पाहणाऱ्या बाईचे नाव अ‍ॅना. ती नुसती कारभारीण नव्हती, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होते. पुढे बिबिकोव्हचे मन घरातल्या शिक्षिकेकडे वळले. अ‍ॅना घर सोडून निघाली आणि जानेवारी १८७२ मध्ये जवळच्याच यासेन्की स्थानकावर तिने आगगाडीखाली जीव दिला. पंचनाम्याच्या वेळी टॉल्स्टॉय तेथे गेला होता. तो छिन्नभिन्न देह त्याने डोळ्यांनी पाहिला. १८७३ साली तो कादंबरी लिहायला बसला.

सापडला की माल, असे मागच्या रांगेतले गृहस्थ म्हणतील. नावही तेच, मरणही तेच! पण जरा थांबा. कादंबरीतली अ‍ॅना कोणा जमीनदाराची कारभारीण नाही. ती पीटर्सबर्गच्या एका बड्या सरकारी अधिकाऱ्याची पत्नी आहे, आठ वर्षांच्या मुलाची आई आहे. तिच्या मानेवर रुळणाऱ्या कुरळ्या बटा पुश्किनच्या मुलीवरून घेतल्या, असे टॉल्स्टॉयच्या मेहुणीने लिहून ठेवले आहे. आणि पहिल्या मसुद्यांत तर ही नायिका दिसायला सामान्य, जराशी स्थूल, वागायला उथळ अशी होती. नवरा मात्र भला माणूस. मसुद्यामागून मसुदा होत गेला तसतशी अ‍ॅना उजळत गेली आणि नवरा सुकत गेला. मरण एकीचे, बटा दुसरीच्या, आणि उरलेली सारी अ‍ॅना लिहिता लिहिता हाती आलेली. आता सांगा, ती खरी कोण?

पण मला ज्या जागेविषयी बोलायचे आहे, ती वेगळीच. अ‍ॅना भावाच्या घरचे भांडण मिटवायला मॉस्कोला गेलेली असते. तेथे तिला व्रॉन्स्की भेटतो. नाच होतो, नजरानजर होते, घाबरून ती घरी परतायला निघते, तर तोही त्याच गाडीत. सकाळी गाडी पीटर्सबर्गला थांबते. फलाटावर नवरा उभा आहे. अ‍ॅनाची दृष्टी त्याच्या कानांवर जाते. टोपीच्या कडेला टेकलेले ते कान पाहून ती मनाशी चकित होते, की यांचे कान असे कधीपासून झाले?

कान काही रात्रीतून वाढलेले नसतात. लग्नाला इतकी वर्षे झाली, तितकी वर्षे ते तेथेच होते. अ‍ॅनाचे मन नवऱ्यावरून उडाले, असे टॉल्स्टॉय त्या ओळीत लिहीत नाही. वाचकाला मात्र कळून चुकलेले असते. कान कारेनिनचे, पण वर्णन झाले ते अ‍ॅनाचे.

माणूस दाखवायचा तर त्याच्याकडे पाहू नये, तो कशाकडे पाहतो ते पाहावे, असे मला या जागेपासून वाटू लागले आहे. आपल्याकडे नायिकेचा प्रवेश झाला, की लेखक हातातली कथा खाली ठेवतो आणि वर्णनाला लागतो. गव्हाळ वर्ण, पाणीदार डोळे, चाफेकळी नाक. एवढे सगळे वाचूनही ती बाई डोळ्यांपुढे उभी राहत नाही; उभी राहते ती वधूवर मंडळाच्या वहीतली एक नोंद. त्यापेक्षा ही चाफेकळी नाकाची बाई पाहुणी म्हणून गेली असता यजमानांच्या घरातल्या कोणत्या वस्तूवर तिची नजर अडकली, एवढेच सांगितले असते, तर नाकावाचून काही अडले नसते.

ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथालेखनाचे तंत्र मराठीत बैजवार मांडले. सुरुवात आकर्षक कशी करावी, गुंतागुंत कशी वाढवावी, उकल कोठे करावी, हे सारे त्यात आहे. त्याची पुष्कळ थट्टा झाली. मला ती थट्टा तितकीशी मानवत नाही. गोष्ट सांगणे हा एक कसब आहे आणि कसब शिकवता येतो, असे कोणीतरी ठणकावून सांगायला हवेच होते. पण खुद्द फडक्यांच्या कादंबऱ्या आठवून पाहताना मला प्रसंगांची सफाई आठवते, भाषेचा गोडवा आठवतो, आणि नायक मात्र एकमेकांत मिसळून जातात. कथानक आखता येते. माणसाच्या बाबतीत आखणीचा हात तोकडा पडतो, त्याचे हे उदाहरण.

गेल्या पावसाळ्यात सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावाहून मला टपालाने एक पुडके आले. आत दोनशे पानी चार वह्या, वळणदार अक्षरात भरलेल्या. पाठवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. कादंबरी त्यांच्या आत्यावर होती. आत्या लहानपणीच विधवा झाली, भावाच्या आश्रयाला आली, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून तिने भावाच्या मुलांना शिकवले आणि एके दिवशी कोणाला त्रास न देता गेली. तिला मूलबाळ नाही. तिचे छायाचित्रसुद्धा नाही. "मी गेले, की आत्या होती हे सांगणारे कोणी उरणार नाही," असे बाईंनी सोबतच्या पत्रात लिहिले होते. ते वाक्य वाचून वह्या बाजूला ठेवणे मला शक्य नव्हते.

चारही वह्या मी वाचल्या. आत्या पहाटे उठते, आत्या सोसते, आत्या क्षमा करते, आत्या देवापुढे दिवा लावते. आठशे पानांत ती एकदाही चिडत नाही. तिसऱ्या वहीपर्यंत मला आत्याविषयी आदर वाटत होता आणि आत्या मात्र दिसत नव्हती.

मग मी ते पत्र पुन्हा वाचले. त्यात शेवटी ता. क. म्हणून दोन ओळी होत्या. आत्याजवळ गुळाचा एक डबा असे. त्याला ती कुलूप लावी आणि किल्ली कनवटीला खोचून ठेवी. एकदा लहानपणी बाईंनी ती किल्ली पळवून गूळ खाल्ला. आत्याने मारले नाही, रागावली नाही. आठ दिवस ती या पोरीशी बोलली नाही. "हे कादंबरीत घातले नाही, कारण त्याने आत्याची प्रतिमा डागाळेल," असा खुलासाही बाईंनी केला होता.

चार वह्यांत जी बाई मला भेटली नाही, ती या दोन ओळींत दाराआड उभी होती.

मी तसे कळवले. उत्तर उलट टपाली आले आणि ते रागाचे होते. "साहेब, जिने आम्हांला आपल्या तोंडचा घास दिला, तिचा कंजूषपणा मी चव्हाट्यावर मांडू? तिच्या सासरकडची माणसे अजून याच गावात आहेत. ती काय म्हणतील?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या माणसावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो आणि पडायलाच हवा. ज्याला पडत नाही, त्याच्या घरच्या माणसांची मला काळजी वाटते. सासरच्या मंडळींपुरता उपाय टॉल्स्टॉयने दाखवलेलाच आहे. गाव बदला, नाते बदला, बटा दुसरीच्या घाला. पण पहिल्या प्रश्नाला ती युक्ती पुरत नाही. बाईंना आत्या जपायची होती. जपायचे म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचे, असा त्यांचा समज होता, आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीला कनवट नसते.

मी त्यांना हरिभाऊ आपट्यांची यमू आठवा, असे लिहिले. शिक्षिका असल्यामुळे त्यांनी ती वाचली असणार, याची खात्री होती. १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक निघाले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रणे माजण्याचे ते दिवस. विधवेच्या केशवपनाविरुद्ध लिहायचे, तर सुधारकी थाटाचे व्याख्यान देणे हा सोपा मार्ग होता. (तो मोह हरिभाऊंना मधूनमधून होतोच. त्या पानांवरून मी तरी भरभर पुढे जातो.) पण त्यांनी सारी कथा सांगायला दिली यमूच्या तोंडी, आणि सुरुवात केली ती पार तिच्या बालपणापासून. दादाशी होणारी भांडणे, वडिलांचा धाक, आईचा दबलेला जीव हे सारे आधी येते. यमू सोशीक देवी म्हणून आपल्यापुढे येत नाही. ती एक बोलकी, हट्टी, चौकस पोर म्हणून येते.

यात एक मोठी सोय साधली आहे. सांगणारी यमू सगळे भोगून झालेली आहे. जिच्याविषयी ती सांगते, त्या पोरीला पुढचे काहीच ठाऊक नाही. एकाच नावाच्या या दोघींमध्ये जे अंतर आहे, त्यात वाचक उभा राहतो. मुंबईतले तिचे थोडे सुखाचे दिवस वाचताना आपल्यालाच धास्ती वाटू लागते. आणि शेवटी नवऱ्यामागे तिच्यावर केशवपनाची बळजबरी होते, तेव्हा आपल्या मनात सुधारणेचा प्रश्न नसतो, दादाशी भांडणारी ती पोर असते. यमू पहिल्या प्रकरणापासून सोशीक असती, तर तो प्रसंग नुसता वाईट वाटण्याजोगा झाला असता.

येथे कोणी म्हणेल, की सगळ्याच पात्रांना असे आतले अस्तर कशाला हवे? नकोच. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर याने १९२७ साली पात्रांचे सपाट आणि गोल असे दोन वर्ग पाडले, आणि तेव्हापासून समीक्षकांना सपाट पात्र म्हणजे लेखकाचा आळस वाटू लागला. फॉर्स्टरला तसे म्हणायचे नव्हते. आपले चिमणराव पाहा. चिं. वि. जोशींच्या लेखणीतून उतरलेला हा भित्रा, घोटाळे करणारा सज्जन शेवटपर्यंत जसाच्या तसा राहतो, आणि तो सुधारला असता तर आपण तक्रार केली असती. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले, तेव्हा ते दोघे घरोघरचे कोणी नातेवाईकच आहेत, अशा थाटात लोक त्यांच्याविषयी बोलत. सपाट पात्राला गोल करायला जाऊ नये. भाकरी थापताना तिचा लाडू होईल.

पण आत्या भाकरीच्या जातीची नव्हती. बाईंच्या कादंबरीत ती बोले, तेही प्रमाण मराठीत, मोठमोठी वाक्ये. "सहनशीलता हेच स्त्रीचे खरे भूषण" असली. मी त्यांना विचारले, की सोलापूरकडची, दुसऱ्याच्या चुलीपुढे जन्म घालवलेली बाई असे बोलेल का हो? उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक पाहा. ही कादंबरी १९६० सालची. नवऱ्याच्या हातून संसार सावरत नाही आणि कौतिक एकटी तो ओढत राहते. ती वऱ्हाडीत बोलते, आणि बोलते ते बहुतेक पोटापाण्याचे. आपल्या दुःखाला तिच्याजवळ नावच नाही. ज्याचे नाव घेता येत नाही, ते साध्या हिशेबाच्या बोलण्यातूनही ऐकू येत राहते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तल्या धनगरांचेही तसेच. शाळेत पोरे का येत नाहीत, हे तरुण मास्तरला कोणी समजावून सांगत बसत नाही. पोरे मेंढरांमागे गेलेली असतात, बस्स. मास्तर पाहतो आणि शिकतो, आपणही त्याच्याबरोबर शिकतो, आणि शेवटी दुष्काळाने ती वाडी रिकामी होते, तेव्हा एकेक माणूस गेल्यासारखे वाटते.

हे लिहून झाल्यावर मी बाईंच्या दुसऱ्या वहीतल्या एका ओळीकडे त्यांचे लक्ष वेधले. ती मी वाचताना पेन्सिलीने खुणावून ठेवली होती. आत्या ज्या घरी स्वयंपाकाला जाई, तेथून निघताना ती दारात थांबे आणि कोणी न मागता आपली पिशवी उघडून दाखवी. बाईंनी हे आत्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून लिहिले होते. लिहून पुढच्या ओळीत त्या एकादशीच्या उपासाकडे वळल्या होत्या.

रोज दुसऱ्याच्या दारात पिशवी उघडून दाखवणारी बाई, आणि घरी आल्यावर गुळाच्या डब्याला कुलूप लावणारी बाई. दोन्ही बाईंच्याच आठवणीतल्या, एक वहीत, एक पत्रात. त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

या वेळी उत्तर यायला तीन आठवडे लागले. राग गेला होता. "आता सगळे लक्षात आले," असे त्यांनी लिहिले होते. "मी त्या प्रकरणात असे घालू का, की दुसऱ्यांच्या घरी होणाऱ्या त्या अपमानामुळे आत्याला आपली स्वतःची म्हणून एक तरी वस्तू कुलपात असावी असे वाटे, म्हणून ती डब्याला..."

मी घाईघाईने कळवले, की बाई, एवढे करू नका. पिशवी तिसऱ्या प्रकरणात असू द्या. डबा अकराव्यात येऊ द्या. मधला 'म्हणून' तेवढा काढून टाका.

शिक्षिकेला 'म्हणून' टाकवत नाही, हे मी समजू शकतो. आयुष्यभर त्यांनी मुलांकडून 'कारणे द्या' लिहून घेतलेले असते. त्यांची शंका होती, की वाचकाच्या लक्षात आलेच नाही तर? काहींच्या येणार नाही, हे खरेच आहे. पण ज्यांच्या येईल, त्यांना आत्या आपण स्वतः ओळखली असे वाटेल, आणि स्वतः ओळखलेले माणूस कोणी विसरत नाही. अ‍ॅनाच्या शेवटच्या क्षणी तिच्या हातात एक लाल पिशवी आहे. पहिल्या डब्याखाली उडी टाकायची असते, पण ती पिशवी हातातून निघता निघत नाही आणि डबा पुढे निघून जातो. तिला दुसऱ्याची वाट पाहावी लागते. मरायला निघालेल्या बाईने पिशवी का काढावी? टॉल्स्टॉयने कारण दिलेले नाही. देतो म्हटले असते, तर एका वाक्यात देता आले असते.

बाई आता पुन्हा लिहीत आहेत. चार वह्यांच्या दीड झाल्या, असे परवाच्या पत्रात होते. आत्याचे गाव त्यांनी बदलले आहे. सासरकडच्यांना ती ओळखू येणार नाही, असा त्यांचा होरा आहे. गल्लीतले ओळखतील, पण त्यांना चालेल, असेही लिहिले आहे. डब्यापाशी मात्र त्या अडल्या होत्या. त्या काळी साखर शिधापत्रिकेवर मिळे, तिचे मोल गुळाहून जास्त. तेव्हा डब्यात साखर दाखवली तर कुलूप जास्त पटेल का, असे त्यांनी विचारले होते. मी ते त्यांच्यावर सोपवले.

त्याचे उत्तर कार्डावर आले आहे. फराळाच्या घाईत लिहिलेले दिसते, कोपऱ्याला तुपाचा डाग आहे. डब्यात गूळच राहू दे, असे त्या म्हणतात. साखर मोजता येत नाही. आत्या रोज रात्री गुळाचे खडे मोजत असे.